तिकडूनच बंद आहे

"मी एक नंबरवरच बसीन. बाकीच्यावर मले मारून टाकलं तरी बसत नाई," गुलाबराव कागदांची पिशवी छातीशी धरून म्हणाले.

"काका, पाची मशीन सारखेच आहेत. लाइन एकच, साइट एकच," सारिका स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाली.

"मशीन सारखे असतीन. हात सारखा आहे का? तुह्या हाताले गुण आहे. त्या पोरीइनं हात लावला का फॉर्म अर्ध्यातच मरते."

"मंग ताईले दहा हात बसवून घ्या देवीवानी," रांगेतून कुणीतरी म्हणालं आणि माणसं हसली. दिवसभर उभ्या असलेल्या माणसांचं हसणं, त्यामुळे ते लगेच विरलं.

पीक विम्याचा अर्ज ऑनलाइन भरण्याचा तो शेवटचा दिवस होता. संध्याकाळी सहाला साइट बंद होणार होती आणि भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजायला आले होते. वरवट बकालच्या चौकातल्या सारिकाच्या सेवा केंद्रात पाच संगणक होते. एक नंबरवर सारिका स्वतः बसायची. दोन ते पाच नंबरवर तिनं हंगामापुरत्या चार मुली ठेवल्या होत्या. पण महिनाभर अर्ज जात होते ते एक नंबरवरूनच, तेही रांगेमुळे रखडत. बाकीच्या चार पडद्यांवर एक वर्तुळ फिरत राहायचं. फिरून फिरून पान यायचं, नाव-गाव-गट नंबर भरेपर्यंत पुढचं पान अडायचं, आणि तेवढ्यात साइटनं दिलेली मुदत संपायची. पुन्हा पहिल्यापासून. गावानं त्याचा अर्थ लावून टाकला होता. सारिकाच्या हाताला गुण आहे.

चार नंबरच्या टेबलाखाली गुडघ्यावर बसून तारा तपासत असलेल्या शाकिरभाईंना या हातगुणाचं हसू यायचं. पुस्तकं वाचणारा माणूस. पण त्यांनी ते कधी बोलून दाखवलं नव्हतं. बोलून दाखवण्याची त्यांना सवयच नव्हती.

शाकिरभाईंनी तरुणपणी रेडिओ दुरुस्त केले, मग टीव्ही. टीव्ही दुरुस्त करण्याऐवजी लोक फेकू लागले तेव्हा त्यांनी अकोल्याच्या फुटपाथवरून संगणकाची इंग्रजी पुस्तकं आणली आणि शब्दकोश शेजारी ठेवून एकेक पान लावलं. एका पानाला कधी आठवडा लागायचा. आजूबाजूच्या दहा-बारा गावांतल्या सेवा केंद्रांची, शाळांची, पतसंस्थांची तारांची कामं त्यांनीच केली होती. तरीही कुणी "चाचा, तुम्ही तं इंजिनिअरच" म्हटलं की ते खाली पाहायचे. आपल्याला नीट काही येत नाही, एखाद्या दिवशी कुणाच्या तरी हे ध्यानात येईल, असं त्यांना कायम वाटत आलं होतं.

एकच वाक्य ते न अडखळता बोलत. तारा पाहायच्या, इंटरनेटच्या डब्यावरचे हिरवे दिवे लुकलुकतात का ते पाहायचं, हात पुसायचे आणि म्हणायचं, "तिकडूनच बंद आहे." त्यावर कुणी वाद घालत नसे. तिकडे म्हणजे कुठे, मुंबईला की दिल्लीला की आकाशात, हेही कुणी विचारत नसे. लोक मान हलवायचे आणि घरी जायचे. या महिन्यात शाकिरभाई दोनदा येऊन गेले होते आणि दोन्ही वेळा त्यांनी तेच सांगितलं होतं. आज तिसऱ्यांदा दिवे हिरवेच लुकलुकत होते. ते टेबलाखालून बाहेर आले, हात पुसले आणि तोंड उघडणार तेवढ्यात सारिकाचा फोन वाजला.

"चाचा, पाहा ना कोण आहे. माह्ये हात गुंतले."

फोन पातुर्ड्याच्या संघपालचा होता. तोही असंच केंद्र चालवायचा.

"ताई, ए-फोरचा एखांदा गठ्ठा असंन तं पाठवता का? कोरा कागद नाई राह्यला."

"मी शाकिर बोलतो. एवढं काय छापून राह्यला बे?"

"पावत्या, चाचा! दुसरं काय? सकाळपासून दनादन चालू आहे. आज दोनशेच्या वर गेले फॉर्म."

"सकाळपासून? साइट तं बंद आहे ना?"

"कुठी बंद आहे? महिन्याभरापासून लोण्यावानी चालू आहे. रात्री थोडी अटकते, बाकी टकाटक. कागद पाठवा पण."

शाकिरभाईंनी फोन खाली ठेवला. त्यांच्या कानांत एक बारीक शिट्टी वाजू लागली, जुन्या टीव्हीचं स्टेशन गेल्यावर वाजायची तशी. त्यांनी रांगेकडे पाहिलं. रांग पायऱ्यांवरून उतरून पानठेल्यापर्यंत गेली होती. सगळे त्यांच्याकडेच पाहत होते. रांगेला ते वाक्य हवं होतं.

"काय म्हन्ते चाचा? तिकडूनच बंद ना?" गुलाबरावांनी विचारलं.

शाकिरभाई रांगेकडे पाठ करून वळले. चार नंबरवरच्या मुलीला त्यांनी हातानं उठवलं आणि स्वतः खुर्चीवर बसले. गेल्या दोन खेपांना ते या खुर्चीवर बसलेच नव्हते, हे बसताना त्यांच्या लक्षात आलं.

त्यांनी पडद्यावर आज्ञा टाइप करायची काळी खिडकी उघडली. संगणकाला साइटचं नाव समजत नसतं, त्याला आकडा लागतो. हे नाव कोणत्या आकड्याचं, हे सांगणारं यंत्र कुठेतरी असतं. आधी त्याला विचारायचं, मग पुढं निघायचं. शाकिरभाईंनी आधी नाव टाळून दूरच्या एका यंत्राचा नुसता आकडा टाकला. उत्तर तत्काळ आलं, ओळीनं चार वेळा. मग त्यांनी नाव टाकलं. खिडकी थांबली. एक, दोन, तीन, चार. मग इंग्रजीत ओळ उमटली: वेळ संपली. पुन्हा टाकलं. वेळ संपली.

रस्ता मोकळा होता. गाडी पत्ता विचारण्यापाशीच उभी राहत होती.

मग विचारतेय कुणाला? त्यांनी संगणकाला तेही विचारलं. पडद्यावर एक आकडा आला. त्याच्या शेवटी पन्नास होते.

शाकिरभाईंनी तो आकडा बोट ठेवून पुन्हा वाचला.

तो आकडा जगात दुसऱ्या कुणी दिलेला असूच शकत नव्हता. पाच वर्षांपूर्वी लाइन इतकी मंद होती की प्रत्येक नाव दूर विचारायला गेलं की चहा पिऊन व्हायचा. शाकिरभाईंनी पुस्तकात वाचून मागच्या खोलीत एक जुना संगणक बसवला होता. तो नावं आणि आकडे लक्षात ठेवायचा, बाकीचे पाच त्यालाच विचारायचे. त्या वर्षी त्यांना पन्नास वर्षं पूर्ण झाली होती, म्हणून गमतीनं त्याला त्यांनी पन्नास नंबर दिला होता. पाचही संगणकांत तो नंबर त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिला होता.

या जूनमध्ये शेजारच्या कृषी केंद्राला बीटीच्या बियाण्याची खोकी ठेवायला ती मागची खोली हवी होती. नवी लाइन वेगवान होती, जुन्या संगणकाचं काम उरलं नव्हतं. शाकिरभाईंनी तो काढला. एक नंबरमधला पन्नास खोडून तिथं नव्या लाइनच्या डब्याचा नंबर लिहिला. दोन नंबरला हात घालणार, तोच लाइट गेली. तासभर वाट पाहिली. "राह्यलेले चार लाइट आल्यावर करतो," म्हणून ते जुना संगणक मोपेडच्या मागे बांधून घरी गेले होते.

घरी त्यांच्या बायकोनं, बिलकिसनं, त्या खोक्यावर पिठाचा डबा ठेवला होता. दीड महिना चार संगणक प्रत्येक नावासाठी आधी त्या पिठाच्या डब्याखालच्या बंद खोक्याला विचारत होते. ते उत्तर देत नाही म्हणून थकत होते, मग दुसऱ्या पत्त्याला विचारत होते. म्हणून पूर्ण बंद काही पडत नव्हतं. नुसता वेळ जात होता. विम्याच्या साइटला तेवढा वेळ नव्हता.

त्यांनी चार नंबरमधला पन्नास खोडला. नवा आकडा लिहिला. मग पाच नंबर. मग तीन, मग दोन. चारही संगणकांना मिळून चार मिनिटं लागली असतील.

"अगं बाई!" दोन नंबरवरची मुलगी ओरडली. "आलं पान! हे पाहा, पुढचंही आलं!"

"तीनवरही आलं!"

रांग फुटली. पायऱ्यांवरची माणसं आत घुसली. गुलाबराव, जे मेले तरी बसणार नव्हते, ते सगळ्यांत आधी चार नंबरपुढं जाऊन बसले. मागून टाळ्या वाजल्या. कुणीतरी शाकिरभाईंच्या पाठीवर जोरात थाप मारली.

"चाचाचा हात लागला अन् तिकडूनच सुरू झालं!"

"खरा हातगुण तं याइचा आहे!"

शाकिरभाई उभे राहिले. ते सारिकाजवळ गेले आणि तिच्या कानाशी वाकून त्यांनी सगळं सांगितलं. पन्नास, लाइट, पिठाचा डबा. सारिकाची बोटं कीबोर्डवर थांबली. तिनं त्यांच्याकडे पाहिलं.

"महिनाभर?" ती म्हणाली.

"हो."

"चाचा, मी रोज रात्री अकरापर्यंत बसली. लेकराले ताप होता तरी बसली. माह्याच हातानं होते म्हणून." तिचा आवाज चिरका झाला. मग रांगेकडे पाहून तिनं तो खाली आणला. "आता कोणाले सांगू नका. सर्व्हर आला म्हणा. माह्यं केंद्र आहे हे. उद्या कोणी पायरी चढनार नाई."

"कसं सांगू नको, बेटा?"

"जसे इतके दिवस सांगत होते तसं."

ती हे रागानं म्हणाली नव्हती. म्हणूनच ते त्यांना जास्त लागलं.

शाकिरभाई दाराशी गेले. गर्दीपुढं बोलण्याची त्यांच्यावर वेळ कधीच आली नव्हती. लग्नातसुद्धा ते मागच्या ओळीत बसत. त्यांनी घसा साफ केला. कुणाचं लक्ष गेलं नाही. पुन्हा साफ केला.

"ऐका. साइट बंद नव्हती. पूर्ण महिना चालूच होती. चूक इथीच होती. चूक माह्यी होती. जूनमंदी मी एक काम अर्धं सोडलं. त्याच्यानं हे चार मशीन अटकत होते. मी तुमाले खोटं... मी न पाहता सांगतलं तिकडून बंद आहे म्हणून."

मग गुलाबराव खुर्चीवरून मागे वळले.

"चाचा, तुम्ही लय साधे माणूस," ते मायेनं म्हणाले. "वरच्याइनं महिनाभर बंद ठेवलं, आज शेवटच्या दिवशी दाखवाले सुरू केलं, अन् तुम्ही अंगावर घेऊन राह्यले?"

"नाही गुलाबराव, मी खरं—"

"कायचं खरं! बियाण्यात अळी निघाली तवा तं वरचेच म्हनत होते तुमच्या फवारण्यात चूक आहे. आता साइट अटकली तं चाचाच्या तारेत चूक. आम्हाले माहीत नाई का कोणाची चूक असते?"

"बराबर आहे!" मागून दोघं-तिघं म्हणाले. "चाचा, बसा. पानी प्या."

कुणीतरी त्यांच्या हातात पाण्याचा पेला दिला. शाकिरभाई तो धरून उभे राहिले. आपण खरं बोललो आणि ते कुणाला नको आहे, हे त्यांच्या डोक्यात शिरेना. शिव्या मिळाल्या असत्या तर त्यांना खाली मान घालता आली असती. इतकी वर्षं सगळं बिघडत आलं होतं ते दूर कुठेतरी, जिथं माणसाचा हात पोचत नाही तिथं. ते चार मिनिटांत, चार हातांच्या अंतरावर दुरुस्त होण्यासारखं होतं, हे मान्य करायला त्या रांगेत एकही माणूस तयार नव्हता.

त्यांनी पेला तसाच खाली ठेवला आणि टेबलावरची वही घेतली. परत गेलेल्यांची नावं त्यात होती. "सुरू झालं की निरोप देऊ" म्हणून लिहून घेतलेली, दोन पानं भरून. सव्वातीन झाले होते. त्यांनी पहिल्या नावापासून फोन लावायला सुरुवात केली. "या, लवकर या, कागद घेऊन या." कुणी शेतातून चिखलाच्या पायांनी निघालं. कुणी नातेवाइकाकडं अकोल्याला होतं. एकानं विचारलं, "खरंच का चाचा? का पुन्हा खेप?" आणि उत्तर ऐकण्याआधी फोन ठेवला.

दुसऱ्या पानावर एका नावापुढं फोन नंबर नव्हता. तानाबाई, बावनबीर रस्ता. तीन वेळा आली. त्यापुढं त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं: जळगाव जामोदला पाहायला सांगितलं.

त्यांना ती आठवली. शेवटच्या खेपेला ती चार नंबरपुढंच बसली होती, पदरात कागद गुंडाळून. दोन एकरांत कपाशीची पऱ्हाटी, पाऊस ओढला म्हणून दुबार पेरलेली. नवरा नाही. "गेल्या साली बोंडायत अळी निघाली भाऊ, यंदा इमा पाह्यजेच," असं ती म्हणाली होती. आणि त्यांनी हात पुसत तिला ते वाक्य सांगितलं होतं.

साडेचार वाजता त्यांनी मोपेड काढली. बावनबीरच्या रस्त्यापासून आत वळल्यावर काळ्या मातीत चाक रुतू लागलं. शेवटचा तुकडा त्यांनी गाडी शेताच्या धुऱ्याला, बांधाशी लावून चालत काढला. चपला हातात घ्याव्या लागल्या. पाच वाजून गेले होते.

तानाबाई एकटीच निंदत होती. पऱ्हाटी वीतभर आली होती, ओळीत जागोजाग न उगवल्याचे खाडे होते.

"तानाबाई! कागद घ्या अन् चला. गाडी आणली. साइट सुरू आहे."

ती विळा हातात धरूनच उभी राहिली. "कागद कुठी आहेत माह्याजवळ? तुम्हीच नाई का म्हनलं जळगावले पाहा? भावाले पाठवलं सकाळी सारे कागद देऊन."

"मग झालं असेल तिथं. फोन लावतो. नंबर सांगा."

तिनं पदराच्या गाठीतून चिठ्ठी काढून दिली. फोन लागला. शाकिरभाई ऐकत होते आणि तानाबाई त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होती. दुपारीच टोकन संपले होते. भाऊ परतीच्या गाडीत होता, वाटेत टायर फुटला होता. पोचायला सात वाजतील.

"सात," शाकिरभाई म्हणाले. त्यांनी घड्याळ पाहिलं. सव्वापाच.

"मंग राह्यलं," तानाबाई म्हणाली.

ते धुऱ्यावर बसले. तिला खरं सांगायला ते आले होते की फक्त न्यायला, हे त्यांचं त्यांनाच ठरवता येईना. मग त्यांनी सांगितलं. इथं पन्नास नंबर किंवा नावं-आकडे सांगून उपयोग नव्हता. "तुम्ही तिन्ही वेळा आल्या तेव्हा ते मशीन चांगलं होतं. साइटही चालू होती. मी जूनमध्ये एक काम करायचं ठेवलं होतं. चार मिनिटांचं. ते मी आज केलं."

तानाबाईच्या तोंडावर काही उमटायला वेळ लागला. आधी तिला कळलं नाही, मग कळलं. तिची मान जराशी मागे गेली, अंधारात समोर अचानक कुणी उभं दिसावं तशी.

"तुमच्याच हातानं?"

"हो."

"तिकडून बंद नव्हतं?"

"नाही."

"मी तिसऱ्या खेपीले निंदण सोडून आलती," ती सावकाश म्हणाली. "त्या दिवशी बसली तवा झालं असतं?"

"झालं असतं."

तिनं त्यांच्याकडे नीट पाहिलं. डोक्यापासून चिखलाच्या पायांपर्यंत. सारिका सोडली तर आज दिवसभरात ऐकणाऱ्यांपैकी ती पहिली होती जिनं त्यांच्यावर विश्वास ठेवला होता. शाकिरभाईंना वाटलं, आता ती ओरडेल. तिनं ओरडावं असं त्यांना वाटत होतं.

"मंग सांगाले काऊन आले?" तिनं विचारलं. "नसतं सांगतलं तं मले काय समजनार होतं?"

ती उत्तरासाठी थांबली नाही. ती वाकली आणि निंदू लागली. गवत उपटल्याचा चरचर आवाज येत राहिला. शाकिरभाई उठले नाहीत. निघून जाणं त्यांना जमेना, आणि बसून राहण्यानं काही होणार नव्हतं. ढगांतून ऊन तिरपं येऊन वीतभर पऱ्हाटीवर पडलं, पुन्हा गेलं. ती ओळीच्या टोकापर्यंत पोचली आणि कमरेवर हात ठेवून सरळ झाली.

"झाले का सहा?" तिनं वळून न पाहता विचारलं.

शाकिरभाईंनी घड्याळ पाहिलं.

"झाले."

"बरं," तानाबाई म्हणाली, आणि तिनं शेजारची ओळ धरली.